पाचवा नांगर

अमेरिकेत युटा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवर लेक पॉवेल हा अफाट जलाशय आहे. १९६३ साली ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले, कोलोरॅडो नदी तुंबली आणि वाळवंटातल्या तांबड्या घळींत पाणी शिरलं. या घळींत मुक्काम करायचा तर जवळ ना गाव, ना धक्का.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी एक आजोबा आणि त्यांचा नातू हाउसबोट घेऊन अशाच एका अरुंद घळीत शिरले.

"इथंच थांबू या, वारा मुळीच लागणार नाही," नातू म्हणाला.

आजोबांनी वर बोट दाखवलं. उंचावर खडकाच्या फटीत एक ओंडका अडकला होता. "तो पाण्यानं आणलाय. दूर पठारावर पाऊस पडला की इथं लोंढा येतो. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी."

मग ते एका रुंद, वाळूच्या किनाऱ्याला लागले. बोटीचं तोंड वाळूवर टेकवलं आणि दोन्ही बाजूंना तिरके दोर नेऊन खड्डे खणायला घेतले. फावडं खडकावर खणकन वाजलं की आजोबा जागा बदलायला लावत. गुळगुळीत वालुकाश्मात नांगराचे फाळ रुतत नाहीत. चार नांगर पुरले, वर ओली वाळू लोटून पायांनी दाबली. नातवानं फावडं ठेवलं, तोच आजोबा म्हणाले, "आता पाचवा."

"आजोबा, पाण्यावर साधी लहर नाही! आणि पाचवा कशाला?"

"ज्याला लागेल त्याला. वारा सुटल्यावर खड्डा खणता येत नाही, बाळा."

शेजारी आणखी एक बोट लागली होती. तिच्या लोकांनी खडकावरच्या वीतभर वाळूत नांगर टाकले होते. आजोबांनी सांगून पाहिलं. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे," म्हणत ते जेवायला बसले.

मध्यरात्री वीज कडाडली आणि वारा सुटला. शेजारच्या बोटीचे नांगर खडकावरून खरडत निघाले. बोट आडवी होऊन कड्याकडे सरकू लागली. आजोबांची बोट नुसती हेलकावत होती. दोघं किनाऱ्यावर धावले. शेजाऱ्यांनी फेकलेला दोर नातवानं झेलला, आजोबांनी तो पाचव्या नांगराला आवळून बांधला. दोर ताणला गेला, बोट थांबली.

सकाळी परतताना त्यांना ती अरुंद घळ दिसली. तिच्यातून गढूळ पाणी आणि ओंडके बाहेर येत होते.

तात्पर्य: संकटात धावून जावंसं पुष्कळांना वाटतं, पण ज्याची स्वतःचीच बोट सुटलेली असते, त्याचे हात तिथंच गुंततात. म्हणून सगळं शांत असतानाच आपली तजवीज पक्की करावी, आणि दुसऱ्यासाठी एक नांगर जास्तीचा पुरून ठेवावा.