‘आम्ही’ म्हणण्याचा अधिकार

जो मनुष्य स्वतः धांवला नाहीं, ज्यानें चेंडूला हात लावला नाहीं, ज्याला मैदानावर कोणीं बोलावलेंहि नव्हतें, तो संध्याकाळीं घरीं येऊन ‘आज आम्ही जिंकलों’ असें मोठ्या ऐटीनें सांगतो, तेव्हां तो खरें बोलत असतो कीं खोटें? प्रश्न वरकरणी पोरकट आहे. आपल्या गांवाच्या किंवा शाळेच्या विजयांत ज्यानें त्यानें आपला वांटा उचलावा ही जगाची रीतच आहे, आणि जगाची प्रत्येक रीत न्यायशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्यांत शहाणपण नाहीं, असें पुष्कळांस वाटेल. मलाहि तसेंच वाटत असे. परंतु गेलीं कांहीं वर्षें हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाहीं. आणि तो माझ्यामागें लागला तो तर्कशास्त्राच्या वर्गांत नव्हे, तर आयर्लंडच्या पश्चिम भागांत, कॅसलबार नांवाच्या गांवीं, एका पावाच्या दुकानांत.

आयर्लंडचें नांव आपणांस परकें नाहीं. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जी होमरूल लीग स्थापन केली, तिचें नांवच मुळीं आयरिश चळवळीवरून घेतलेलें होतें. मात्र त्या देशाच्या राजकारणाशीं आपली जेवढी ओळख आहे, तेवढी त्याच्या खेळांशीं नाहीं. २०१७ च्या सप्टेंबरांत मी माझ्या मुलीकडे राहावयास गेलों होतों. ती त्या वेळीं कॅसलबारच्या रुग्णालयांत डॉक्टर होती. गांवांत पाऊल टाकतांच घरांवर, दुकानांवर, मोटारींवर, फार काय, गोठ्यांच्या दारांवरसुद्धां हिरवे-तांबडे झेंडे दिसूं लागले. मला वाटलें, निवडणुका जवळ आल्या असाव्यात. मुलीनें हंसून सांगितलें, “बाबा, मेयोचा संघ अंतिम सामन्यास गेला आहे.”

मग तिनें जी माहिती दिली, आणि जी मीं पुढें वाचून वाढविली, ती थोडक्यांत अशी. १ नोव्हेंबर १८८४ रोजीं टिपेरारी परगण्यांतील थर्लस गांवच्या एका हॉटेलांत मूठभर मंडळी जमली आणि मायकेल क्यूसॅक नांवाच्या शिक्षकाच्या पुढाकारानें गेलिक अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन ही संस्था जन्मास आली. इंग्रजी खेळांच्या लोंढ्यापुढें देशी खेळ टिकून राहावे, हा तिचा हेतु. तिचे मुख्य खेळ दोन: लांकडी, रुंद टोंकाच्या काठीनें लहान चेंडू टोलवण्याचा हर्लिंग, आणि हात व पाय दोहोंचा उपयोग करण्यास मुभा असलेला गेलिक फुटबॉल. दोहोंतहि पंधरा-पंधरा खेळाडू. त्या वेळच्या नियमाप्रमाणें चेंडू जाळ्यांत गेला तर तीन गुण आणि आडव्या दांडीच्या वरून, दोन उंच खांबांमधून गेला तर एक. आयर्लंडचे परगणे, म्हणजे तिकडच्या कौंट्या, बत्तीस. आणि सामने व्हावयाचे ते परगण्यापरगण्यांत. येथें दुसरीकडचा खेळाडू पैसे मोजून विकत घेतां येत नाहीं. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी कीं, खेळाबद्दल कोणासहि वेतन नाहीं. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्यें ब्याऐंशी हजार माणसांपुढें खेळलेला तरुण सुटी संपली कीं आपल्या शाळेंत, शेतांत किंवा कचेरींत निमूटपणें कामावर हजर होतो.

मेयो परगण्यानें फुटबॉलचें अजिंक्यपद १९३६, १९५० आणि १९५१ या सालीं मिळविलें. त्यानंतर १९८९ ते २०१६ या काळांत मेयोचा संघ आठ वेळां अंतिम फेरीपर्यंत पोंचला आणि आठहि वेळां हात हलवीत परत आला. त्यांतल्या २०१३ व २०१६ च्या हारी तर डब्लिनकडून केवळ एकेका गुणानें झालेल्या. २०१७ च्या सप्टेंबरच्या १७ तारखेस पुन्हां तेंच डब्लिन, तेंच मैदान. अगदीं शेवटच्या क्षणीं, सामना बरोबरींत असतां, मेयोच्या खेळाडूनें मारलेली फ्री किक गोलाच्या खांबावर आदळली. थोड्याच वेळानें डब्लिनची फ्री किक दांडीवरून पार झाली. डब्लिनचे वीस गुण झाले, मेयोचे एकोणीस.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पाव आणावयास गेलों. दुकानांत सहासात माणसें होतीं. घेणें-देणें आटोपलें तरी कोणी हलत नव्हतें. सामन्याची चिकित्सा चालली होती, आणि ती दयामाया न ठेवतां. अमक्याला मैदानावरून लवकर कां काढला, तमक्यानें चेंडू पुढें कां दिला नाहीं, ती किक तशी कां मारली! सर्वांत तिखट बोलत होता तो सत्तरीच्या घरांतला एक शेतकरी. १९८९ पासूनचा प्रत्येक अंतिम सामना त्यानें समक्ष पाहिला होता. त्या किकविषयीं तो जें बोलला तें मी येथें लिहूं शकत नाहीं. मी परका, वयानें प्रौढ, थोडासा एकलकोंडा, आपणहि गांवच्या दुःखांत सामील व्हावें अशा सद्धेतूनें मीं म्हटलें, “खरें आहे. त्या मुलानें हातचा सामना घालविला.”

दुकान एकदम शांत झालें. म्हातारा माझ्याकडे वळला. त्याच्या स्वरांत राग नव्हता, शाळेंतला मास्तर चूक दाखवितो तशा सुरांत तो म्हणाला, “तें आम्ही म्हणूं शकतों. तुम्ही नाहीं.”

मी पाव घेऊन बाहेर पडलों. प्रथम मला अपमान वाटला. माझें वाक्य त्याच्या वाक्यापेक्षां कितीतरी सौम्य होतें, आणि विधान तर एकच. एकच विधान एकाच्या मुखीं योग्य आणि दुसऱ्याच्या मुखीं अयोग्य, हें तर्काला कसें पटावें? विधानाची सत्यता बोलणारावर अवलंबून नसते, असें मी तीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहें. परंतु चालतां चालतां मला उमगलें कीं आमचीं वाक्यें एक नव्हतींच. मी एका मुलावर दोष ठेवीत होतों. म्हातारा आपलें नुकसान मोजीत होता.

अभिमानाची चिकित्सा करतांना डेव्हिड ह्यूमनें १७३९ च्या आपल्या ग्रंथांत हें दाखविलें आहे कीं, ज्या वस्तूशीं आपला कांहीं संबंध आहे ती चांगली असली कीं माणूस फुगतो, मग त्या चांगुलपणांत त्याचें स्वतःचें कर्तृत्व असो वा नसो. त्यानें दिलेल्या उदाहरणांत देशाबरोबर परगणाहि आहे. ह्यूमचें निरीक्षण अचूक आहे. पण तें अर्धें आहे. संबंधानें अभिमान कसा उत्पन्न होतो हें तें सांगतें. त्या संबंधाची किंमत कोण भरतो हें सांगत नाहीं. विजयाच्या दिवशीं ‘आम्ही’ म्हणणें फुकट असतें. त्या शब्दाचा खरा भाव ठरतो तो पराभवाच्या दिवशीं. ‘आम्ही जिंकलों’ आणि ‘ते हरले’ अशीं दोन वाक्यें ज्याच्या जिभेवर आलटून पालटून येतात, त्याचें पहिलें वाक्यहि खोटेंच समजावें. कारण नफ्यांत भागीदार आणि तोट्यांत तिऱ्हाईत अशी भागीदारी कोणत्याहि पेढीवर मान्य होत नाहीं. उलट जो हरल्यावरहि ‘आम्ही’च म्हणतो, तो पराक्रमावर हक्क सांगत नसतो, ऋण पत्करीत असतो.

वेतनाची गोष्ट येथें महत्त्वाची आहे. पैसे घेऊन खेळणारावर प्रेक्षक जी टीका करतो, ती बहुशः ग्राहकाची टीका असते: दाम मोजले, माल हिणकस निघाला. ती रास्त असेलहि. परंतु ग्राहकाला एक सोय नेहमीं मोकळी असते, ती म्हणजे दुकान बदलण्याची. मेयोच्या म्हाताऱ्याला ही सोय नव्हती. तो डब्लिनचा होऊं शकत नव्हता. ज्याला सोडून जातां येत नाहीं त्याची तक्रार ही ग्राहकाची नव्हे, घरच्या माणसाची असते. आणि घरच्या माणसाला रागावण्याचा अधिकार मिळतो तो याच एका गोष्टीवरून कीं, रागावून झाल्यावरहि तो घरांतच राहणार असतो.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, हा परगणा तरी काय मोठा पवित्र? आयर्लंडच्या परगण्यांच्या सीमा नॉर्मन व पुढें इंग्रज राज्यकर्त्यांनीं कारभाराच्या सोयीसाठीं आंखल्या. शेवटचा विक्लो परगणा तर १६०६ सालचा. जेत्याच्या कारकुनानें ओढलेल्या रेघेवर कोणीं जीव टाकावा? पण इतिहासाचा विनोद असा कीं, उत्तर आयर्लंडमध्यें कारभाराचा घटक म्हणून परगणे १९७३ सालीं रद्द झाले, तरी टायरोन आणि आर्मा यांचे संघ खेळतच राहिले. रेघ कोणीं ओढली यावर प्रेम अवलंबून नसतें. त्या रेघेच्या आंत किती पिढ्यांनीं एकत्र सुखदुःख भोगलें यावर असतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हाच ‘आम्ही’ जगांतल्या निम्म्या कलहांचें मूळ नव्हे काय? जात, पंथ, भाषा यांच्या नांवानें माणसें एकमेकांच्या उरावर बसतात तीं याच शब्दाच्या बळावर. हें मला नाकारतां येत नाहीं. म्हणूनच चांगला ‘आम्ही’ आणि वाईट ‘आम्ही’ यांतील भेद पाहिला पाहिजे. जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९०८ मध्यें निष्ठेवर एक ग्रंथ लिहिला. त्याचें सार असें कीं, जी निष्ठा दुसऱ्याच्या निष्ठेचाहि आदर करते तीच खरी नैतिक. क्रोक पार्कमध्यें दोन्हीं बाजूंचे लोक वेगवेगळ्या कुंपणांत कोंडले जात नाहींत. मेयोची आजीबाई आणि डब्लिनचा पोरगा खांद्याला खांदा लावून बसतात. ज्या ‘आम्ही’ला शेजारीं बसलेल्या ‘तुम्ही’चें दुःख ओळखतां येतें, तो ‘आम्ही’ निर्विष समजावा. ज्याला शेजारी सहनच होत नाहीं, त्याचें प्रेम आपल्यांवर नसून आपल्या मोठेपणावर असतें.

तरीहि घरच्या रागाला मर्यादा हवी. कारण परक्याचा शब्द बोंचतो, पण आपल्याचा रुततो. ज्या तरुणानें दिवसाचें काम करून रात्रीं सराव केला, त्यानें मारलेली किक खांबाला लागली तर त्यांत अपराध तो कोणता? चेंडू आणखी थोडा आंतून गेला असता तर तेंच दुकान त्याची आरती ओवाळीत बसलें असतें. कर्म एकच, फळ वाऱ्याच्या हातीं. कर्माचा अधिकार आणि फळाचा अधिकार वेगळे आहेत, हें आपल्याकडे शाळकरी मुलालाहि तोंडपाठ असतें. पण निकाल लागला कीं विसरतें. मेयोंत एक दंतकथा आहे. १९५१ चा विजयी संघ घरीं परततांना फॉक्सफर्ड गांवीं एका प्रेतयात्रेजवळून जल्लोष करीत गेला, म्हणून धर्मगुरूनें शाप दिला, आणि तेव्हांपासून यश नाहीं. मी प्रथम तिला हंसलों. आतां मला वाटतें, ही कथा गांवानें दयेपोटीं जपली आहे. दोष शापाकडे गेला म्हणजे तो कोणा एका पोराच्या माथीं बसत नाहीं.

त्या संध्याकाळीं मीं हा सारा प्रसंग मुलीस रंगवून सांगितला. म्हाताऱ्याचें उत्तर कसें तर्कदुष्ट पण नीतीनें बरोबर, हेंहि समजावलें. तिनें ऐकून घेतलें. मग ताटें उचलतां उचलतां ती म्हणाली, “बाबा, मला प्रवेशपरीक्षेंत पहिल्यांदा अपयश आलें, तेव्हां तुम्ही घरीं येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगत होतां, आठवतें का?”

मला आठवलें. ‘तिनें वर्ष घालविलें’ असें मी सांगत असें. आणि पुढच्या वर्षीं तिला प्रवेश मिळाला, तेव्हां पेढे वांटतांना मी म्हणालों होतों, ‘आम्हांला मेडिकलला प्रवेश मिळाला.’ कॉलेजांत तरी मी दुसरें काय करीत आलों? निकाल चांगला लागला कीं ‘आमच्या विभागाचा निकाल’. वाईट लागला कीं ‘हल्लींचीं मुलें’. पावाच्या दुकानांतल्या त्या म्हाताऱ्यानें मला परका ठरविलें, तें केवळ मेयोपुरतें नव्हतें.

मेयो पुढें २०२० सालीं आणि २०२१ सालींहि अंतिम सामना हरला. २०२० चा सामना तर महामारीमुळें रिकाम्या मैदानावर झाला. टाळी वाजवावयास तेथें कोणी नव्हतें. मुलगी तोंवर दुसऱ्या गांवीं नोकरीस गेली होती. तो सामना संपल्यावर तिचा दूरध्वनि आला. तिनें पहिलेंच वाक्य उच्चारलें, “बाबा, आम्ही पुन्हां हरलों.” ती जन्मानें मेयोची नाहीं, खेळाचे सगळे नियमहि तिला ठाऊक नसतील. पण तिचें तें वाक्य खरें होतें, याविषयीं मला तिळमात्र शंका वाटली नाहीं. मी क्षणभर थांबलों. ‘हरलांत का?’ असें विचारण्याचा धीर झाला नाहीं, आणि ‘हरलों का?’ असें म्हणण्याचा अधिकार माझ्यापाशीं अजून होता कीं नाहीं, हें मला ठरवितां आलें नाहीं.