मुद्रा आणि चांदी



कराविषयी प्रश्न निघाला तेव्हा आपल्या प्रभूने जे नाणे मागविले, ते रोमी लोकांचे देनारियस नामक रुप्याचे नाणे होय. मजुराची ती एका दिवसाची मजुरी. त्या नाण्याचा इतिहास आम्ही आज आपणांपुढे ठेवितो, कारण त्यात मंडळीने घेण्याजोगा इशारा आहे.

इ. स. पूर्वी २११ च्या सुमारास, हानिबालाशी युद्ध चालू असता, हे नाणे प्रथम पाडण्यात आले. त्याच्या एका अंगास शिरस्त्राण घातलेली रोमा देवी व दुसऱ्या अंगास घोड्यांवर बसलेले जुळे देव असत. पौल मलिता बेटावरून ज्या तारवाने निघाला, त्यावरही ह्याच जुळ्यांचे चिन्ह होते. तिबिर्य कैसराच्या नाण्यावर तर, आपण देव झालेल्या औगुस्ताचा पुत्र आहो, असे कोरलेले होते. तथापि चांदी खरी होती.

पुढे इ. स. ६४ मध्ये नेरो कैसराने नाण्याचे वजन व चांदी दोन्ही थोडी कमी केली. मुद्रा तशीच देखणी राहिली. फौजेचा खर्च वाढत गेला, तसतसे नंतरच्या कैसरांनीही थोडे थोडे तांबे मिसळिले. गाल्लिएनुस कैसराने (इ. स. २५३–२६८) युपितर, अपोल्लो, सूर्य अशा अनेक देवांना नाण्यांवर आपले रक्षक म्हणविले, आणि त्याच्याच कारकिर्दीच्या अखेरीस चांदी शेकडा पाचांहून कमी उरली! वर रुप्याचा पातळ मुलामा, आत तांबे.

आपण त्या मूर्तिपूजकांस हसू नये. पुढे ख्रिस्ती कैसरांनी नाण्यांवर ख्रिस्तनामाचे चिन्ह घातले. पण चिन्हाने तांब्याचे रुपे झाले नाही.

बंधूंनो, चांदी एका दिवसात गेली नाही. उपदेशकाने हजेरीत दोन नावे अधिक लिहिली. धान्य मोजताना मूठभर कमी पडले. शेजाऱ्याच्या बांधात नांगर एक तास पुढे गेला. बाप्तिस्म्याचे नाव तेच, रविवारचे गीत तेच. आत मात्र तांबे वाढत आहे. पूर्वी लोक रुपया दगडावर वाजवून घेत. आपले शेजारीही आपणांस तसेच वाजवून पाहतात; आपल्या उपदेशाने नव्हे, तर मापाने व शब्दाने.

नाण्यावर कैसराची प्रतिमा होती. मनुष्यावर देवाची आहे. ज्याची प्रतिमा आपण धारण करितो, त्याने आपणांस हाती घेतले असता आतबाहेर एकच धातू आढळो. आमेन.