हुनर आणि सूर

मुलाला काय शिकवायचे, या प्रश्नाला आपल्या समाजात फार वेळ लागत नाही. हाताला हुनर द्या म्हणजे तो कुठेही उपाशी राहणार नाही, हे उत्तर पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात तर ते आणखी सोपे. १९६९ पासून येथे अणुवीज केंद्र आहे, शेजारी मोठी औद्योगिक वसाहत आहे. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर ही नावे घराघरात ठाऊक आहेत. आयटीआय करा, पाळीला लागा. यात चूक काहीच नाही. कंत्राटी नोकरीवर कर्ज फेडणाऱ्या बापाला उपयोगाची भाषा कळते, कारण निरुपयोगी ठरण्याची किंमत त्याने मोजलेली असते.

पण आता एक नवी गोष्ट घडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतही पदवीची रचना बदलली. मुख्य विषयासोबत व्यावसायिक कौशल्याचे अभ्यासक्रम आले आणि खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, संगीत, नृत्य यांसारख्या गोष्टींनाही श्रेयांक मिळू लागले. म्हणजे एकाच गुणपत्रिकेवर हुनर आणि सूर शेजारी बसू शकतात. त्यामुळे प्रश्न उभा राहतो : कारखान्यात जाणाऱ्या मुलाने समूहगायनात किंवा वाद्यवृंदात वेळ का घालवावा?

आपल्या घरांत या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. संगीत जायज की नाजायज? येथे फतवा देण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून दोन्ही बाजू तपासल्या. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी गाणाऱ्या मुलींना हजरत अबू बकर यांनी टोकले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना गाऊ दिले, ही हदीस सर्वांना माहीत आहे; तिचा अर्थ किती ताणायचा यावर मात्र एकमत नाही. म्हणून ज्याचे मन मानत नाही त्या विद्यार्थ्याला दुसरा पर्याय मिळालाच पाहिजे. पण ‘संगीत हा आपला प्रांतच नव्हे’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याने एकदा मिरजेला जाऊन यावे.

मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम ओसरले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी तेच हात तंतुवाद्यांकडे वळवले. त्यांच्या सतारी आणि तंबोरे देशभर गेले. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच गावी उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसानिमित्त त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तिकडे मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीत आईबाप गमावलेली मुले गोळा करून वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांपासून ‘नलतरंग’ नावाचे वाद्य घडवले. तंत्र कुठे संपले आणि संगीत कुठे सुरू झाले, हे या दोन्ही ठिकाणी दाखवता येणार नाही. कानाला खोट कळली नसती तर हाताला ती दुरुस्त करता आली नसती.

पालघरला तर त्यासाठी दूर जायलाही नको. वारली माणसाचा तारपा वाळलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूचा, ताडाच्या पानांचा आणि मेणाचा. तारपकरी सूर बदलतो तशी हात धरून फिरणाऱ्यांची पावले बदलतात. हा वाद्यमेळ आणि हे तंत्रज्ञान येथल्याच मातीतले आहे.

समूहात वाजवण्याने माणूस आपोआप सज्जन होतो, असे मात्र मी म्हणणार नाही. फौजेचा बँडही एका तालात वाजतो आणि माणसे मरणाकडे चालत जातात. एका सुरात बोलणे ही हुकूमशहाचीही आवड असते. म्हणून एकत्र येणे एवढ्यात नीती नाही. एकत्र असताना दुसऱ्याचे ऐकणे, आपली पाळी नसताना थांबणे, आणि कोणी बेसूर झाला तर त्याला न झिडकारता सावरून घेणे, यात ती आहे. हे पुस्तकातून येत नाही, सवयीने येते. आणि कारखान्याला नेमकी हीच सवय लागते. तारापूरच्या वसाहतीने कामगारांचे बळी घेणारे स्फोट पाहिले आहेत. जानेवारी २०२० चा स्फोट तेथे कोणी विसरलेले नाही. त्यांची कारणे संगीताने दूर होणार नाहीत. त्यासाठी कायदा, तपासणी आणि मालकाची जबाबदारीच हवी. पण पंपाचा आवाज बदलला हे ऐकणारा कान आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्या हेल्परचे ऐकणारा वरिष्ठ, हेही हवेतच.

तरीही उपयोगाचा हा मुद्दा मला शेवटचा वाटत नाही. श्रीमंताचा मुलगा पियानो शिकतो तेव्हा त्याचा फायदा काय, असे कोणी विचारत नाही. तो प्रश्न फक्त गरिबाच्या मुलाला विचारला जातो. एकाला माणूस म्हणून वाढवायचे आणि दुसऱ्याला अवजार म्हणून, ही वाटणी शिक्षणाने मान्य केली तर ते शिक्षण कसले? पालघरच्या महाविद्यालयाला सोनोपंत दांडेकरांचे नाव आहे. तत्त्वज्ञानाचा हा प्राध्यापक वारकरी कीर्तनकारही होता. विचार आणि टाळमृदंग यांत त्यांना अंतर वाटले नाही.

आता भीती वेगळीच आहे. श्रेयांक कागदावर मिळतील, हजेरी लागेल, स्नेहसंमेलनात एक गाणे होईल आणि विषय संपेल. हे टाळायचे तर शिकवणार कोण, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागेल. जव्हार-विक्रमगडकडचा पदवी नसलेला तारपकरी वर्गात गुरू म्हणून उभा राहील काय? लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवणारा आपल्या मोहल्ल्यातला चाचा, ज्याच्या सुरावर सारी वरात नाचते पण ज्याला कोणी उस्ताद म्हणत नाही, त्याला खुर्ची मिळेल काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कलावंत-कारागिरांना महाविद्यालयांत बोलावण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दार उघडण्याची सोय आहे. उघडायचे की नाही हे गावाने, संस्थेने आणि आपणही ठरवायचे आहे.

हुनर पोट भरते, आणि भरलेच पाहिजे. पण ज्याने तंबोरा घडवला त्याच्याच मुलाला तो छेडण्याची उसंत नसावी, हा न्याय नव्हे.