जिंकलेल्या खटल्यांची उलटतपासणी

डेरिक बेल यांचा गौरव करताना सहसा दोन गोष्टी सांगतात. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात १९७१ साली कायमचे प्राध्यापक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय; आणि तिथे एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला तशी नेमणूक नाही म्हणून १९९० मध्ये बिनपगारी रजेवर गेले आणि अखेर त्या पदावर त्यांनी पाणी सोडले. माझ्या मते त्यांचे मोठे काम तिसरेच आहे. स्वतः लढवलेल्या खटल्यांची त्यांनी उलटतपासणी घेतली.

साठच्या दशकात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या लीगल डिफेन्स फंडाचे वकील म्हणून, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र करण्याच्या तीनशेवर खटल्यांवर त्यांची देखरेख होती. मिसिसिपीतल्या हार्मनी वस्तीतून विन्सन आणि डोव्ही हडसन या बहिणी आल्या, त्या गावची शाळा गावातच राहावी एवढेच मागायला. बेल यांनी सांगितले, तसले खटले आम्ही घेत नाही. एकत्रीकरणासाठी लढायचे असेल तर बोला. १९७६ च्या 'सर्व्हिंग टू मास्टर्स' या लेखात त्यांनी जाहीरपणे विचारले, वकिलाचा धनी कोण, आईबाप की तत्त्व? प्रश्न बोचरा होता. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि त्यांच्या हजारो शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या.

यावर आक्षेप असा की, एकत्रीकरणाने कृष्णवर्णीय मुलांचे भले झाले. झालेच. अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांच्या अभ्यासात ती मुले जास्त शिकली, पुढे जास्त कमावू लागली. पण जिथे दर मुलामागचा खर्च वाढला आणि वर्ग लहान झाले तिथे. म्हणजे शेजारी कोण बसतो यापेक्षा तिजोरी कुठे उघडते हे महत्त्वाचे, आणि बेल यांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. गोऱ्यांचे हित जुळते तेव्हाच न्याय मिळतो, हा त्यांचा १९८० चा सिद्धांत अनेकांना कडवट वाटला. मात्र ब्राउन खटल्यात अमेरिकी सरकारनेच १९५२ मध्ये न्यायालयाला लेखी कळवले होते की, वर्णभेदामुळे परदेशात देशाची नाचक्की होते. शीतयुद्ध होते ना!

बेल यांची खरी अडचण पुढे आहे. मुले एकत्र बसोत न बसोत, आधी शाळा चांगल्या करा, असा त्यांचा आग्रह. पण मालमत्ताकरातून येणाऱ्या पैशाची शाळांमधली तफावत घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सॅन अँटोनियोच्या खटल्यात १९७३ मध्येच ठरवले होते. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात उपनगरांना एकत्रीकरणातून मोकळे केले. पैसा उपनगरात आणि तिथवरची वाट बंद. या कोंडीवर बेल यांच्याकडे कायद्यातला उपाय नव्हता, त्यांच्या टीकाकारांकडेही नव्हता.