पंपापासून किती अंतरावर?

गॅरेजमध्ये एक तक्रार वरचेवर येते. "मिस्त्री, पेट्रोल टाकल्यापासून गाडी मिसिंग करतीये." सांगणाऱ्याच्या मनात निदान झालेलं असतं आणि गुन्हेगारही ठरलेला असतो. जाणता मिस्त्री मात्र पाना हातात घेण्याआधी विचारतो, "पंपापासून किती लांब गेल्यावर सुरू झालं, दादा?" गिऱ्हाइकाला हा प्रश्न अवांतर वाटतो. मला तो सगळ्या तपासाचा पाया वाटतो. पेट्रोल टाकीत पडतं एका वेळी आणि इंजिनात जळतं दुसऱ्या वेळी. मधली वाट कापायला त्याला जे अंतर लागतं, त्याचा हिशेब करता येतो.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवर फ्युएल इंजेक्शन बसलं. तरी गावोगाव आजही कार्बोरेटरवाल्या 100 सीसीच्या गाड्या भरपूर आहेत. त्यांची वाट सरळ आहे: टाकी, तिच्या बुडाशी कॉक, कॉकपासून रबरी नळी, मग कार्बोरेटरची वाटी. वाटीत फ्लोट तरंगतो आणि ती कायम भरलेली ठेवतो. इंजिन पेट्रोल ओढतं ते या वाटीतून, टाकीतून नाही. आता समजा, वाटीत आणि नळीत मिळून 20 मिलिलिटर पेट्रोल शिल्लक आहे. लिटरला 50 किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यावर 1 किलोमीटर जाते. म्हणजे टाकी भरून निघालात, तरी पहिला किलोमीटरभर गाडी कालच्याच पेट्रोलवर चालते. नवं पेट्रोल अजून इंजिनाच्या दारात पोचलेलंच नसतं. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि नळी बारीक असते, त्यामुळे हे अंतर कमी भरतं, पण शून्य तिथेही नसतं.

म्हणून गाडी पंपाच्या आवारातच झटके मारू लागली, तर त्या पेट्रोलला दोष देणं अन्यायाचं आहे. ते अजून जळलेलंच नाही. मग नेमकं तेव्हाच काय बिघडलं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. आपण पेट्रोल कधी टाकतो? बहुतेक जण गाडी रिझर्व्हला लागली की टाकतात. कॉकला टाकीत दोन तोंडं असतात. नेहमीचं तोंड एका उभ्या नळीच्या टोकाला, बुडापासून थोडं वर असतं. रिझर्व्हचं तोंड अगदी तळाशी असतं. वर्षानुवर्षांचा गंज, रंगाचे पापुद्रे, झाकणातून झिरपलेलं पावसाचं पाणी हे सगळं त्या उभ्या नळीच्या उंचीखाली साचून राहतं. रोजच्या चालण्यात ते कोणाच्या वाटेला जात नाही. कॉक रिझर्व्हला फिरवला की तोच गाळ आणि तेच पाणी नळीत उतरतं. कॉकची जाळी जाडसर कचरा अडवते, पाणी आणि बारीक गंज तिला पुरा अडवता येत नाही. तुम्ही रिझर्व्हवर दोन-चार किलोमीटर जाऊन पंप गाठता, टाकी भरता, किक मारता आणि गाडी फुरफुरू लागते. घाण वाटीत शिरली ती पंपावर येण्याआधी. याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असंही म्हणता येणार नाही, कारण हा निव्वळ योगायोग नाही. टाकी तळाला गेली म्हणून तुम्ही पंपावर आलात आणि टाकी तळाला गेली म्हणूनच कचरा वर आला. दोन्हींचं मूळ एकच आहे. त्यात पंपावरच्या मुलाचा काहीच हात नसतो आणि तरी शिव्या त्यालाच बसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

भर पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. टाकीच्या पत्र्याशी सपाट बसणारं झाकण असलं, तर त्याच्या कडेच्या खोलगट भागात पाणी साचतं. ते वाहून जायला बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यात माती बसली की पाणी तिथेच तुंबतं आणि पंपावर झाकण उघडताच थेट टाकीत जातं. नोझल टाकीत शिरण्याआधीच पाणी आत पोचलेलं असतं. ही खूण मात्र किलोमीटरभराने दिसते, म्हणून संशय हमखास पेट्रोलवर जातो. गॅरेजला जाण्याआधी झाकणाची कड बोटाने चाचपून पाहिली, तर पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

काठोकाठ टाकी भरण्याचा हट्टही असाच. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल 10 लिटर घेतलं आणि गाडी उन्हात 20 अंशांनी तापली, तर जवळपास 200 मिलिलिटर जास्तीचं पेट्रोल जागा शोधू लागतं. बीएस-6 गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये मुरवतात आणि तिथून इंजिनात सोडतात. त्या डब्यात वाफेऐवजी पातळ पेट्रोल शिरलं की इंजिनाला गरजेपेक्षा जास्त मिळतं. मग वास येतो, स्लोला गाडी बुडबुडते, बंद केली तर लवकर सुरू होत नाही. इथे दोष भरण्याचा आहे, पेट्रोलचा नाही. मानेच्या खालपर्यंत भरून थांबलं की हा त्रास होत नाही.

आता ती किलोमीटर-दोन किलोमीटरची हद्द. पंपावरून गाडी झकास निघाली आणि थोड्या अंतरावर अचानक अडखळू लागली, मधेच पकडते, मधेच सोडते, तर नव्या पेट्रोलवर संशय घ्यायला खरा आधार मिळाला. पण खात्री कार्बोरेटर उघडण्याआधी करायची. इंजिन थंड होऊ द्यावं, मोकळ्या हवेत, आसपास विडी-काडी नाही हे पाहून वाटीच्या खालचा स्क्रू सैल करावा आणि येईल ते पारदर्शक काचेच्या बाटलीत धरावं. कॉकची नळी काढून टाकीतलंही थोडं वेगळ्या बाटलीत घ्यावं. दहा मिनिटं हलवू नये. पाणी जड, ते तळाशी जातं आणि मधे रेघ उमटते. वाटीत पाणी आणि टाकीत स्वच्छ, तर पाणी जुनं असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे सापडलं आणि ते भरपूर असलं, तर पंपाकडे विचारणा करायला हवी.

बाटलीला सगळंच दिसत नाही. डिझेल पेट्रोलमध्ये पुरतं मिसळतं, त्याची रेघ पडत नाही. त्यासाठी पंपावरची फिल्टर पेपरची चाचणी आहे. कागदावर थेंब टाकायचा, शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही, जड तेलाचा तेलकट डाग राहतो. हा कागद मागणं ग्राहकाचा हक्क आहे. घनता तपासून दाखवा असंही म्हणता येतं.

चोकचा वापरही फार शिकवतो. गरम इंजिन अडखळत असताना चोक अर्धा ओढून पाहावा. गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेटमध्ये कचरा किंवा वाटेत अडथळा आहे. आणखी बिघडली, तर आधीच जास्त मिळतंय. स्लोला बंद पडते पण रेस दिल्यावर पळते, तर स्लोचा जेट चोंदलाय. उलट असेल तर मेन जेट.

पाच-दहा किलोमीटर नीट जाऊन मग पेट्रोल संपल्यासारखी हळूहळू मरते, थोडं थांबलं की पुन्हा चालू होते, अशी गाडी आली की झाकण उघडून ऐकावं. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. बाकी काही उघडू नये.

सगळ्यात फसवी असते ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू न होणारी गाडी. संध्याकाळी पेट्रोल भरलं, घरापर्यंत आली, आणि पहाटे किक मारून पाय दुखले. आपल्या पंपांवर आता इथेनॉल मिसळलेलं ई20 पेट्रोल असतं. त्यातलं काही इथेनॉल महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनीही गाळलेलं असतं. उसाच्या पट्ट्यातल्या गाडीला उसाचंच इंधन मिळतं, याचं मला अप्रूप वाटतं. इथेनॉल पाण्याला धरतं. थोडं पाणी त्यात विरून जातं आणि काही कळत नाही. पण धरण्याला मर्यादा आहे आणि गारठा वाढला की ती मर्यादा खाली येते. रात्री टाकी थंड झाली की विरलेलं पाणी वेगळं होतं, जाताना इथेनॉललाही बरोबर ओढून नेतं आणि दोघांचा मिळून थर बुडाशी बसतो, अगदी कॉकच्या तोंडाशी. म्हणूनच बाटलीतला खालचा थर मुळात शिरलेल्या पाण्यापेक्षा मोठा दिसतो. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो. संध्याकाळी चालणारी गाडी सकाळी हटून बसते ती यामुळे, आणि इथेही पाणी पंपावरूनच आलं असं नाही. ते तुमच्या टाकीत आधीपासून असू शकतं.

"ई20 आल्यापासून हे सुरू झालं," असं सरसकट म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न असतो: मागची टाकी कशाची होती? तीही ई20 चीच असेल, तर मागच्या आठवड्यात बरी असलेली गाडी आज त्यानेच बिघडली, हे जुळत नाही. जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं घटतं, पिकअप किंचित मंदावतो, जुनी रबरं फुगतात, टाकीला चिकटलेला जुना चिकटा सुटून जेटकडे येतो, हे सगळं खरं आहे. पण ते हळूहळू होतं. एका भरण्यात गाडी झटके मारू लागली, तर कारण त्या भरण्याच्या आसपास शोधावं.

बाटलीत रेघ निघालीच, तर ती बाटली ओतून देऊ नये. झाकण घट्ट लावून, तारीख-वेळ लिहून, पावतीसोबत ठेवावी. त्याच वेळी त्याच पंपावर भरलेल्या ओळखीच्या गाड्यांची चौकशी करावी. जमिनीखालच्या टाकीत पाणी असेल तर एकच गाडी बंद पडत नाही. पंपावर जाऊन शांतपणे तक्रारवहीत नोंद करावी. मग टाकी कॉकसकट उतरवून पूर्ण रिकामी करावी, तळ कोरडा करावा, वाटी धुवावी, जेट हवेने फुंकावेत. तार घालू नये, भोक मोठं होतं. थोडंच ताजं पेट्रोल टाकून आधी एक फेरी मारावी आणि किती अंतरावर काय होतं ते पाहावं.