पालकाचा चमचा कोणासाठी?

1945 साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी निळसर पडणाऱ्या तान्ह्या बाळांचं कारण शोधलं. दोष विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटचा होता. साठच्या दशकात जर्मनीत तसाच निळेपणा पालकाच्या लगद्यातून आला. शिजवलेला पालक तसाच ठेवला की जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास असमर्थ करतं. बिघडलेलं हिमोग्लोबिन पूर्ववत करणारं विकर तान्ह्या बाळांत पुरेसं नसतं.

म्हणजे पालक वाईट?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2008 मध्ये हिशेब मांडला. रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 3.7 मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 222. रोज 400 ग्रॅम मिश्र भाज्या खाल्ल्या तर पोटात जातं साधारण 157. भाज्यांचे फायदे मोठे, भीती नको, असा निर्वाळा दिला गेला. तो योग्यच होता. पण साठ किलोचा.

आता सात किलोचं बाळ घ्या. त्याची मर्यादा 26 मिलिग्रॅम. युरोपच्या कायद्यात गोठवलेल्या पालकाला किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. त्या कमाल मर्यादेचा पालक असेल, तर जेमतेम 13 ग्रॅममध्ये बाळाचा दिवसाचा वाटा संपतो. ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनाची आहे. ती एकदा ओलांडली म्हणून विषबाधा होत नाही, हे खरंच. तरीही त्याच कायद्याने तयार बालआहाराला किलोमागे फक्त 200 मिलिग्रॅमची अट घातली आहे. दहापट कडक! धोका कायदा करणाऱ्यांना ठाऊक आहे. मोठ्यांसाठीचं गोठवलेलं पाकीट फोडून बाळाला भरवणाऱ्या आईपर्यंत त्याची माहिती पोचवण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

   

2010 मध्ये त्याच युरोपीय प्राधिकरणाने लहान मुलांचा वेगळा विचार केला. शिजवलेली पालेभाजी बाहेर ठेवू नये, आतड्यांत जिवाणूसंसर्ग असलेल्या मुलांना पालक देऊ नये, असं सांगितलं. पाकिटावर पाककृतीला जागा मिळते. या दोन ओळींनाही मिळायला हरकत नाही.