सरावातील सोबत, शर्यतीतील एकटेपण

‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’पासून मराठीत आला आणि येताना त्याची धार पुष्कळशी बोथट झाली. मूळच्या अनावर ओढीला आपल्याकडे डोहाळजेवणाचा, नाटकाचा आणि सणासुदीचा सौम्य संग लाभला. म्हणून ‘हौशी’ म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात थोडी सूट देऊन टाकतो. पोट त्यावर अवलंबून नाही, तेव्हा काही उणे राहिले तरी चालेल. इंग्रजीतील ‘ॲमॅच्युअर’ या शब्दाचे मूळ प्रेमवाचक लॅटिन धातूत आहे. पण त्याचाही इतिहास निर्मळ नाही. हेन्ली येथील नौकाशर्यतींच्या चालकांनी १८७९ मध्ये जी व्याख्या केली तीत कारागीर, मजूर अशा अंगमेहनतीवर जगणाऱ्यांना हौशी म्हणवून घेण्याचा अधिकारच ठेवला नव्हता. ज्याला रिकामा वेळ वारशाने मिळाला त्याच्याच प्रेमाला प्रेम म्हणावयाचे, असा तो न्याय होता.

या दोन्ही अर्थांना धक्का देणारा हौशी माणूस पाहावयाचा असेल तर ट्रायथलॉन या तुलनेने तरुण क्रीडाप्रकाराकडे वळावे. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे ही तिन्ही लागोपाठ, मध्ये विसावा न घेता करावयाची, हे त्याचे स्वरूप. अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे भागात २५ सप्टेंबर १९७४ रोजी तेथील धावपटूंच्या एका मंडळाने अशी शर्यत घेतली, तेव्हा ४६ जण उतरले होते. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर तिचे दीर्घ रूप साकारले: सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी पूर्ण मॅरेथॉन. पंधरा जण निघाले, बारा पोचले. ऑक्टोबर २०१९ मध्ये याच्या निम्म्या अंतराची शर्यत गोव्यात झाली. तेव्हा हा विषय मराठी वाचकालाही अगदी परका राहिलेला नाही. ही अंतरे कापणाऱ्यांत बहुसंख्य माणसे नोकरी-व्यवसाय सांभाळणारी असतात. त्यांना रिकामा वेळ वारशाने मिळालेला नसतो. तो झोपेतून कापून काढावा लागतो.

अशी माणसे सहसा एकेकटी घडत नाहीत. कुठल्यातरी तलावावर वा रस्त्यावर उजाडण्यापूर्वी जमणारा एक गट त्यांच्यामागे असतो. हा गट नेमके काय देतो? माहिती देतो असे म्हणणे वरवरचे आहे. माहिती पुस्तकातही मिळते. सतराव्या शतकातील इंग्रज विचारवंत हॉब्ज याने राजसत्तेच्या संदर्भात एक युक्तिवाद केला आहे: जो केवळ स्वतःशी बांधील आहे तो बांधील नव्हेच, कारण बांधणाऱ्याला सोडवण्याचाही अधिकार असतो. संकल्पाचेही असेच आहे. एकट्याने केलेल्या निश्चयात ऋणको आणि धनको एकच असतात. गजर बंद करून कर्ज माफ करायला कितीसा वेळ लागतो? पण चौकात कुणीतरी सायकलला टेकून वाट पाहत उभे आहे, एवढे कळले की तोच निश्चय दुसऱ्याला दिलेला शब्द होतो आणि शब्द एकट्याने माफ करता येत नाही. गटाचे खरे दान हे असावे.

येथे एक नैतिक पेच उभा राहतो. सरावात ही माणसे एकमेकांच्या आडोशाने सायकल चालवतात. पुढचा वारा फोडतो, मागच्याची शक्ती वाचते, आणि थोड्या वेळाने जागा बदलतात. प्रत्यक्ष हौशींच्या दीर्घ शर्यतीत मात्र हाच आडोसा निषिद्ध आहे. तो घेणाऱ्याला दंड होतो. गंमत अशी की पाण्यात दुसऱ्याच्या पावलांमागे राहून पोहणे तेथेही चालते, आणि ऑलिंपिकमधील वैयक्तिक शर्यतीत सायकलचा आडोसाही चालतो. म्हणजे हा नियम कुठल्याही नैसर्गिक न्यायातून निघालेला नाही. खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करणे, असा विचार बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात मांडला. तोही १९७८ चाच, हा योगायोग. त्या दृष्टीने पाहता साहाय्य मुळात वाईट म्हणून वर्ज्य केलेले नाही. ज्या अडथळ्यासाठी आपण येथे आलो तोच ते दूर करते, म्हणून वर्ज्य केले आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोतील पूर्वपरीक्षा-शर्यतीत दोन ब्रिटिश स्त्रिया, जेसिका लिअरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन, हातात हात घालून प्रथम पोचल्या. ठरवून बरोबरी साधल्याबद्दल दोघीही बाद झाल्या. अनेकांना हा निर्णय कठोर वाटला. मला तो योग्य वाटतो. स्नेह त्या हातांत होताच. पण स्पर्धेने मागितलेली एकच गोष्ट त्यांनी तेथे एकमेकींना नाकारली, ती म्हणजे प्रतिकार. तालमीतला वरचढ पैलवान नवख्या जोडीदाराला जिंकू देत नाही, आणि हेच त्याचे उपकार असतात. जे साहाय्य आपले काम करून टाकते आणि जे आपले काम आपल्यावरच सोपवून जवळ उभे राहते, त्यांत फरक करावा लागतो. चांगला गट दुसऱ्या प्रकारचा असतो. सगळेच गट तसे नसतात, हेही नोंदवले पाहिजे. आजारी माणसालाही ‘ये’ म्हणणारा गट सोबत राहत नाही, हुकूमशहा होतो.

आतापर्यंतच्या विवेचनात एक पक्ष मात्र आलेला नाही. पहाटे चौकात दिलेला शब्द पाळला जातो, त्याची किंमत अनेकदा घरात कुणीतरी मोजत असते: मुलाला शाळेसाठी तयार करणारा नवरा, रविवारचे दळण आणि भाजी एकटीने आणणारी बायको, आजारी सासऱ्यांपाशी थांबलेली जाऊ. गटातील सोबत परस्पर असते. आज तू वारा फोड, उद्या मी फोडतो. घरातील आडोशाला अशी पाळी क्वचितच येते. हेन्लीच्या नियमाने ज्यांना वगळले त्यांचे श्रम निदान नाव घेऊन वगळले होते. येथे ते हिशेबातच धरलेले नसतात. गटातल्या सोबत्यांची परतफेड कशी करावयाची हे हौशी खेळाडूला ठाऊक असते, तो दुसऱ्या दिवशी पहाटे हजर राहतो. घरातल्या माणसाला तो कुठल्या पहाटे सोडवणार, हे सरावाच्या वेळापत्रकात लिहिलेले मी अजून तरी पाहिलेले नाही.